आज पाय, उद्या काय?

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये पांढऱ्या फळ्यावर निळ्या मार्करने अख्खा आठवडा मांडलेला असतो. सोमवार छाती, मंगळवार पाठ, बुधवार खांदे, गुरुवार दंड, शुक्रवार पोट, शनिवार पाय. रविवारी जिम बंद. मी कराडची. वारांना देव वाटून दिलेले असतात एवढं लहानपणापासून ठाऊक: सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. इथे बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये वारांना अवयव वाटून दिले होते. मारुतीच्या वाट्याला पाय आले, हे मला त्यातल्या त्यात पटलं. रविवार बंद असतो म्हणून ट्रेनर हळहळतो. मी मात्र मनातल्या मनात नारायण मेघाजी लोखंड्यांना हात जोडते. मुंबईच्या गिरण्यांमध्ये सातही दिवस राबणाऱ्या कामगारांसाठी त्यांनी रविवारची सुट्टी मागितली, तेव्हा रविवार हा खंडोबाचा वार आहे, हाही त्यांचा एक मुद्दा होता. १० जून १८९० रोजी ती सुट्टी मिळाली. विश्रांतीचा वारसुद्धा आपल्याकडे भांडून घ्यावा लागलाय.

जिममध्ये मी हौसेने गेले नव्हते. चाळिशी उलटलेली, दिवसभर खुर्ची, रात्री अमेरिकेतल्या लोकांबरोबर कॉल, रिपोर्टमध्ये साखर काठावर. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालता ते चांगलंच आहे, पण त्याने भागणार नाही. वजनं उचला." किती वेळा, हे विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. मग तो प्रश्न मी भेटेल त्याला विचारत सुटले.

ट्रेनर म्हणाला, सहा दिवस. "मॅडम, बॉडी को शॉक देना पडता." फोनवरच्या ॲपचं म्हणणं, रोज. एक दिवस चुकला की त्यातली छोटी ज्योत विझते आणि आकडा शून्यावर येतो. रात्री अकरा वाजता ते मला आठवण करून देतं आणि मी अपराध्यासारखी फोन उलटा ठेवते. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मते एक दिवसाआड. का, ते त्यांनाही सांगता येईना. नवरा म्हणाला, "दुखायचं थांबलं की जा," आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. शेवटी बाबांना फोन लावला. ते तरुणपणी तालमीत जायचे.

"आगं, रोज करायचं. देवापुढं दिवा काय आठवड्यातनं दोनदाच लावतीस का?"

"पण बाबा, अंग दुखतंय."

"दुखणारच की! दुखतंय म्हंजे लागतंय."

यातलं कुणाचं ऐकायचं? गंमत म्हणजे प्रत्येकाच्या बोलण्यात ठाम खात्री होती, आणि जो तो स्वतःच्याच अंगाचा दाखला देत होता. ट्रेनर पंचविशीचा. बाबा सत्तरीपार, पण त्यांच्या बैठका मिसरूड फुटायच्या आधीपासूनच्या. माझ्या अंगाचा दाखला कुणाकडेच नव्हता.

आता दुखण्याबद्दल. शनिवारी सकाळी पाय झाले: स्क्वॉट, लंजेस, मग हातात डंबेल घेऊन पुन्हा लंजेस. करताना धाप लागली, पाय थरथरले, पण दुखलं म्हणावं असं काही नाही. रविवारी मांड्या जराशा जड. एवढंच होय, असं म्हणत मी भाजी आणायलाही गेले. सोमवारी सकाळी काडुगोडीच्या मेट्रो स्टेशनचा जिना चढले, तेव्हाही फारसं काही जाणवलं नाही. पण कुंदलहळ्ळीला उतरून खाली जायला पहिली पायरी उतरले आणि गुडघ्याच्या वर, मांडीच्या पुढच्या भागात असं काही झालं की मी कठडा दोन्ही हातांनी धरला. मागून येणारी गर्दी दुभंगून बाजूने वाहायला लागली. एका मुलाने इंग्रजीत विचारलं, लिफ्ट दाखवू का? मी नको म्हणाले आणि तिरकी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत उतरले. वरची पायरी सोडताना दुखायचं. खालच्या पायरीवर पाय टेकला की थांबायचं. ऑफिसात खुर्चीत बसतानाही तेच. बसणं म्हणजे शेवटच्या वीतभर अंतरात स्वतःला खाली सोडून देणं.

चढताना नाही आणि उतरताना मात्र दुखतं, हे काय गौडबंगाल आहे ते मला आमच्या ब्लॉकमधल्या फिजिओथेरपिस्टने सांगितलं. ती मंगळूरची. ती कोंकणीत बोलते, मी मराठीत, आणि अडलं की दोघी इंग्रजीत शिरतो. मला ती अक्का म्हणते. लिफ्टजवळ माझी चाल बघून आधी ती मनसोक्त हसली, मग म्हणाली, "उतरताना मांडीचा स्नायू भार धरून ठेवत ठेवत लांबत जातो. आखडताना होत नाही एवढी ओढाताण या लांबण्यात होते. लंजेसमध्ये खाली जाताना तुम्ही तेच केलंत, आता प्रत्येक पायरीवर तेच करताय."

"पण ते शनिवारी केलं. आज सोमवार."

"म्हणूनच. हे दुखणं साधारण चोवीस तासांनंतर वर यायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतं."

ट्रेनरने हे सगळं लॅक्टिक ॲसिडवर ढकललं होतं. ते जमा झालंय, घाम गाळला की निघून जाईल. हे मी शाळेतही ऐकलं होतं, म्हणून खरंच वाटलं. पण व्यायामाने रक्तात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येतं; सोमवारच्या जिन्यावर त्याचं नाव घेण्यात अर्थ नाही. गंमत अशी की थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच बोटाच्या स्नायूवर प्रयोग करून लिहून ठेवलं होतं, की दुसऱ्या दिवशीचं हे दुखणं दमणुकीपेक्षा वेगळं आहे आणि त्याचं मूळ स्नायूच्या आत होणाऱ्या बारीक मोडतोडीत असावं. एवढी जुनी गोष्ट, आणि तरी जिममध्ये अजून ॲसिडचंच राज्य.

मी विचारलं, म्हणजे दुखणं थांबेपर्यंत थांबायचं? नवऱ्याचा नियम बरोबर? ती म्हणाली, तोही अर्धाच. तेच लंजेस पंधरवड्याने पुन्हा केलेत तर एवढं दुखणार नाही, कारण एकदा बसलेला दणका स्नायू बरेच आठवडे लक्षात ठेवतो. मग दुखलं नाही म्हणजे फायदा झाला नाही, असं म्हणायचं का? आणि नवीन प्रकार केला की जुन्या पैलवानाचंही अंग दुखतं. दुखणं नवखेपणाचं माप आहे. बाबांचं "दुखतंय म्हंजे लागतंय" इथे निकालात निघालं. अर्थात हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मात्र दोन दुखण्यांना तिने वेगळं काढलं. एकाच सांध्यात टोचल्यासारखं, वजन उचलतानाच झालेलं दुखणं असेल तर थांबायचं आणि दाखवायचं. आणि अतिश्रमानंतर स्नायू सुजून टरटरले, लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर वाट न बघता इस्पितळ. फुटलेल्या स्नायूंतला माल रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतो. बरेच दिवस काही न करता एकदम शेकड्यांनी बैठका मारणाऱ्यांना हे होऊ शकतं. ट्रेनरच्या "शॉक" या शब्दाचा मी तेव्हापासून धसका घेतलाय.

मग मूळ प्रश्न. स्नायूला किती दिवस द्यायचे? व्यायाम झाला की पुढचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास स्नायूत नवी प्रथिनं रचण्याचं काम वाढलेल्या वेगाने चालतं. नवशिक्यांमध्ये ते जास्त रेंगाळतं. म्हणून नव्याने सुरू करणाऱ्याने आठवड्यातून दोन ते तीन दिवस, सगळ्या अंगाचा, मधे एखादा दिवस सोडून करावा, असा अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचा सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही अशाच: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम चालणं-फिरणं, आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम किमान दोन दिवस. वरच्या मजल्यावरच्या काकूंचं उत्तर कारण माहीत नसताना बरोबर निघालं. मी त्यांना तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग? आम्ही काय उगाच बोलतो?"

पण मग फळ्यावरचं ते वारांचं वेळापत्रक काय चुकीचं? इथे माझा गोंधळ उलट वाढला. सहा दिवस जिमला जाणारा ट्रेनर छातीला सोमवारी हात लावतो तो पुन्हा पुढच्या सोमवारी. म्हणजे माणूस रोज राबतो आणि छाती सहा दिवस सुट्टीवर. विश्रांती मोजायची ती माणसाची नाही, त्या त्या स्नायूची, हे ध्यानात यायला मला बराच वेळ लागला. ज्याला एका दिवसात छातीचे वीस सेट मारायचे आहेत त्याला ती वाटणी लागते. माझ्यासारखीला सगळ्या अंगाचे मिळून तेवढे जमत नाहीत, तर सहा दिवसांत वाटायचं काय? शिवाय आठवड्याचं एकूण काम सारखंच असेल तर ते किती दिवसांत विभागलं याने स्नायू वाढण्यात फारसा फरक पडत नाही, असं अलीकडच्या अभ्यासांतून दिसतं. हे कळल्यावर मला केवढं हलकं वाटलं. मंगळवार-शुक्रवार, एवढंच. ज्या आठवड्यात कॉल कमी, त्या आठवड्यात रविवारी घरीच थोडं.

विश्रांतीचा दुसरा घोळ मिनिटांचा. ट्रेनर दोन सेटच्या मधे मोबाइलवर साठ सेकंद लावतो आणि "अप, मॅडम, अप" म्हणतो. सेट म्हणजे दहा वेळा, असे तीन. हे दहा-तीन कुठून आलं म्हणून मी शोधलं, तर मुळाशी शिकागोचं लष्करी इस्पितळ निघालं. दुसऱ्या महायुद्धात गुडघे मोडून आलेल्या सैनिकांना थॉमस डेलॉर्म नावाच्या डॉक्टरने, जो स्वतः वजनं उचलायचा, जड वजनांचा व्यायाम द्यायला सुरुवात केली. १९४५ च्या लेखात तो दहा-दहाचे सात ते दहा सेट सांगत होता. तीन वर्षांत त्याने आणि वॉटकिन्स नावाच्या सहकाऱ्याने ते तीनवर आणले, कारण तेवढ्यानेही भागतं असं दिसलं. जास्त म्हणजे चांगलं, हे ज्याने शोधलं त्यानेच आधी सोडून दिलं. हे सांगून मी ट्रेनरकडून सेट कमी करून घ्यायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मॅडम, आपका तो तीनच है."

बाकी साठ सेकंदांचा प्रश्न बाबांनी सोडवला, तोही नकळत. आमच्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. ही गोष्ट बाबांनी मला किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. १९५२, हेलसिंकी, फ्रीस्टाइल, बॅन्टमवेट. जपानच्या शोहाची इशीशी कुस्ती लांबली आणि हातची गेली. त्यानंतर अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण नियम दाखवून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता, आणि खाशाबांना लगोलग सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हपुढे उभं केलं, असं सांगतात. इशीला सोनं, मामेदबेकोव्हला रौप्य, खाशाबांना कांस्य. "अर्धा तास मिळाला असता तर..." इथे बाबा नेहमी थांबतात.

यावेळी मी त्यांना म्हटलं, "बाबा, मग तुम्हीच म्हणता की विश्रांती पाहिजे."

"ती कुस्तीत गं."

"अन् तालमीत?"

पलीकडून थोडा वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "तालमीत बी दम खाऊनच करायचं. वस्ताद म्हणायचा, मुंडी वर कर, दम घे, मग जोर मार."

मंगळूरकरीणही तेच म्हणाली, जरा शास्त्रोक्त. ताकदीच्या झटक्यासाठी स्नायूत क्रिएटिन फॉस्फेटचा छोटासा साठा असतो. तो काही सेकंदांत संपतो आणि बराचसा भरून यायला तीन-पाच मिनिटं लागतात. जड उचलायचं तर दोन-तीन मिनिटं बसावं. मी आता बसते. ट्रेनर घड्याळ बघतो, मी खिडकीतून खाली लागलेला पाण्याचा टँकर बघते.

बाबांच्या "रोज"मध्येही तथ्य नाही असं नाही, हे त्यानंतर उमगलं. त्यांच्या बैठका वर्षानुवर्षांच्या, स्वतःच्या वजनाच्या. शंभर मारू शकणारा माणूस साठ मारून उठला तर त्याच्या स्नायूला अठ्ठेचाळीस तासांची सुट्टी लागत नाही. माझी आजी पहाटे जात्यावर दळायची आणि नदीवरून धुणं आणायची. तिला कुणी विश्रांतीचा वार दिला नव्हता, तरी तिचे दंड रोजच्या रोज उठायचे. फरक आहे तो शेवटाला किती जवळ जातो याचा. आयुर्वेदात व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा म्हटलंय, आणि ती अर्धी कधी झाली हे ओळखायची खूणही सुश्रुताने दिलीय: श्वास तोंडाने यायला लागला की समजावं. वाग्भट तर ऋतूही सांगतो. थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने, एरवी त्याहून कमी. मंगळूरकरीण अर्धी शक्ती मानत नाही. ती म्हणते, शेवटचे दोन हातात राखून थांबा. बारा जमत असतील तर दहाला ठेवून द्या. तेवढ्याने काम होतं आणि परवा पुन्हा यायची भीती वाटत नाही.

आणि तिने मला वही धरायला लावली. दुसरं काही नाही, दोनशे पानी साधी वही. तारीख, काय उचललं, किती किलो, किती वेळा. मागच्या वेळी जेवढं जमलं तेवढं किंवा एखादं जास्त आज जमलं, तर विश्रांती पुरली. कमी भरलं, तर एकदा सोडून द्यायचं. लागोपाठ दोनदा कमी भरलं, तर एक दिवस वाढवायचा आणि झोप, जेवण, कॉल यांच्याकडे बघायचं. इतके दिवस मी लोकांना विचारत फिरत होते, त्याचं उत्तर माझ्या स्वतःच्या अक्षरात समोर यायला लागलं. फळ्यापेक्षा मला ती वही बरी वाटते. ॲप मी काढून टाकलं.

वहीत दिसलं ते असं, की ज्या रात्री कॉल एक वाजेपर्यंत चालतो त्याच्या दुसऱ्या दिवशीचे आकडे पडलेले. हे माझं एकटीचं निरीक्षण. पण तरुण माणसांना रात्रभर जागवून बघितलेल्या २०२१ च्या एका अभ्यासात स्नायूंतली प्रथिनांची रचना १८ टक्क्यांनी घटलेली आढळली. व्हाइटफील्डमधल्या निम्म्या खिडक्यांत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. सकाळी त्याच खिडक्यांतली माणसं जिममध्ये एकमेकांना विचारतात, व्हे कोणतं घेतोस? जेवणाचं म्हणाल तर आयसीएमआरच्या हिशोबाने प्रौढ माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. माझ्या ताटात तेवढीही नव्हती. आता मटकीची उसळ, नंदिनीचं दही आणि रोजची दोन अंडी एवढी भर पडलीय. डब्यातल्या पावडरीपर्यंत मी अजून पोचले नाही, आणि पोचायची घाईही नाही.

मोकळ्या दिवशी नुसतं लोळायचं नाही, हेही एक नवल. चालायला मुभा आहे; उलट त्याने जडपणा लवकर उतरल्यासारखा वाटतो. मी इनर सर्कलला जाते. होप फार्मच्या चौकातल्या गोंगाटातून आत वळलं की गोल आखलेली ती जुनी वस्ती लागते. १८८२ मध्ये म्हैसूरच्या चामराजेंद्र वोडेयरांनी अँग्लो-इंडियन लोकांच्या संघटनेला ३,९०० एकर जमीन दिली. त्या लोकांनी नोकऱ्यांच्या मागे न लागता शेती करून स्वतःच्या पायावर उभं राहावं, असा बेत होता. पुढाकार डी. एस. व्हाइट यांचा, म्हणून व्हाइटफील्ड. कौलारू घरं आता थोडीच उरलीत. शेतीसाठी वसवलेल्या गावात आज आम्ही सगळे बसून काम करतो आणि उभं राहायला पैसे भरतो. असो. एक फेरी सावलीतली, चढ-उतार नाही, आणि जिनाही नाही.

येत्या गणपतीला पंधरा दिवस कराडला जायचंय. जिम नाही, वजनं नाहीत, मोदक भरपूर. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल का, म्हणून मी मंगळूरकरणीला विचारलं. ती म्हणाली, पंधरा दिवसांत ताकद हलत नाही, तीन आठवड्यांपर्यंतही फारशी नाही. दम आधी कमी होतो. आल्यावर पहिल्या दिवशी थोडं हलकं घ्या. माझ्या दृष्टीने विषय मिटला. बाबांनी मात्र काल फोन करून विचारलं, बेंगळुरू-पुणे गाडी कराडला थांबते तेव्हा डिकीतनं डंबेलं उतरवून घेता येतील का, की इथंच लोहाराकडनं करून ठेवू.